मैत्रिणीला शिकवू की माझा अभ्यास करू?

नमस्कार मॅडम,

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून लिहिते. बारावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलं आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. कॉलेज तालुक्याला आहे, एसटीने जाण्यायेण्यात दोन तास जातात. ट्यूशन परवडत नाही. म्हणून आम्ही गावातले चौघं, दोन मुली अन् दोन मुलं, संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसतो. सहामाहीत मला बायोलॉजीत ७० पैकी ५८ पडले अन् गणितात ८० पैकी २३. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आलं की डोकं बंद पडतं. माझ्या मैत्रिणीचं उलट आहे. ठरलं होतं की मी तिला बायो सांगीन, ती मला गणित. पण मी रात्री जागून सगळ्यांसाठी नोट्स लिहिते अन् फोटो पाठवते. ती गणित करून दाखवते तेव्हा समजल्यासारखं वाटतं, घरी एकही सुटत नाही. एक मुलगा तर फक्त फोटो मागायला येतो. काका म्हणतात, "तू काहून दुसऱ्याले शिकवत बसतं? तुयं तू पाय ना." मैत्रीणही माझ्यासारखीच मेडिकलची नीट परीक्षा देणार आहे. मी तिला सगळं सांगितलं अन् तिचाच नंबर लागला तर? असं मनात येतं अन् मग माझीच मला लाज वाटते. सुटीच्या दिवशी कापूस वेचायला जावं लागतं. बाबा रात्री लाइन आली की शेततळ्यावर मोटर लावायला जातात, त्यामुळे घरात झोप कुणालाच पुरत नाही. त्यात मुलंमुली एकत्र बसतात म्हणून गावात बोलणं सुरू झालं, आई म्हणते बंद कर. मी काय करू?

– एक विद्यार्थिनी

बाई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा "माझीच मला लाज वाटते" या ओळीपाशी थांबले. तुझ्या मनात आलं तेच माझ्याही मनात आलं होतं, आणि मी तसं वागलेही. १९८३ साली मी बारावीत होते. शेजारच्या बाकावरच्या मुलीने दोन दिवसांसाठी माझी गणिताची वही मागितली. घरी राहिली म्हणून सांगितलं. वही पिशवीतच होती, आणि तिला ती दिसली. ती काही बोलली नाही, पण त्यानंतर तिने मला कधी काही मागितलं नाही. त्या वर्षी मला गुण चांगले पडले. वही दिली असती तरी तेवढेच पडले असते, हे पुढे स्वतः गणित शिकवायला लागल्यावर कळलं. तोवर ती मुलगी कुठे गेली, पुढे शिकली की नाही, याचा मला पत्ताही राहिला नव्हता.

तेव्हा विचार आला म्हणून लाजू नकोस. फक्त त्याचा हिशेब एकदा मांडून बघ. नीटला देशभरातून २० लाखांहून जास्त मुलं बसतात. तुमच्या गावातल्या दोघींसाठी एक जागा वेगळी काढून ठेवलेली नाही. तुझ्या मैत्रिणीला दहा गुण जास्त पडले तर तुझा क्रमांक एकाने खाली जाईल. ती तुला गणितात आणि तू तिला बायोलॉजीत उभं केलंत तर दोघी मिळून किती जणांच्या पुढे जाल, ते मोज.

काकांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही, त्यात अर्धं खरं आहे. तू रात्री जागून चौघांसाठी नोट्स उतरवतेस, त्यात तुझं नुकसानच आहे. नुकसान त्यांचंही आहे. तुझ्या सुंदर अक्षरातला फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये पडून राहतो आणि अभ्यास झाल्याचं समाधान तेवढं मिळतं. उतरवण्याला आपण शिकवणं म्हणतो, ते शिकवणं नाही. ते आजपासून बंद कर. एकत्र बसणं मात्र बंद करू नकोस.

एकत्र कसं बसायचं, यावर एक खरी हकिगत सांगते. १९७०च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात यूरी ट्राइझमन नावाचा तरुण गणितज्ञ एका प्रश्नाने अस्वस्थ होता. आपापल्या शाळेत हुशार ठरलेली कितीतरी कृष्णवर्णीय मुलं पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे तुझ्या याच डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनमध्ये, मागे पडत होती, आणि चिनी वंशाची मुलं त्याच वर्गात टिकत होती. लोक म्हणत, घरची परिस्थिती नाही, पाया कच्चा आहे, मेहनत घेत नाहीत. ट्राइझमनने अंदाज बाजूला ठेवले आणि मुलं अभ्यास करतात तिथे जाऊन पाहिलं. मागे पडणारी मुलं मेहनती होती. सांगितलेला गृहपाठ करायची, आठवड्याला सहा-आठ तास द्यायची, पण खोलीत एकटी बसून. एखादी पायरी अडली की ती फक्त आपलीच अडली आहे असं त्यांना वाटायचं. चिनी मुलं आधी आठवड्याला आठ-दहा तास एकटीच बसायची, आणि मग संध्याकाळी एकत्र जमून आणखी चार-एक तास एकमेकांची उत्तरं तपासायची, जुने पेपर सोडवायची, एकमेकांची इंग्रजीसुद्धा दुरुस्त करायची. पुढे ट्राइझमनने जे वर्ग चालवले त्यात सोपी उजळणी नव्हती, चांगली अवघड गणितं होती आणि ती गटात बसून सोडवायची होती. त्या वर्गांत आलेल्या मुलांचे निकाल बदलले.

यातला क्रम बघ. आधी एकटं, मग एकत्र. तुमचं उलटं चाललं आहे. मैत्रीण सोडवते, तू बघतेस, आणि घरी गेल्यावर पहिल्यांदा एकटी पडतेस. दुसऱ्याचं गणित बघताना सगळं सोपंच दिसतं, कारण पुढची पायरी कोणती हे ठरवायचं काम तिने केलेलं असतं, आणि परीक्षेत नेमकं तेच तुला करायचं असतं. म्हणून एवढं बदल: तीन गणितं घरून करून या, अर्धवट राहिली तरी चालतील. व्हरांड्यात बसल्यावर पेन ज्याचं अडलं त्याच्या हातात. मैत्रिणीने फक्त विचारायचं, "हे काहून केलं? आता पुढं काय?" उत्तर तिने लिहायचं नाही. तिला ते जड जाईल, ज्याला उत्तर येतं त्याला गप्प बसणं फार जड जातं. पण "काहून" या प्रश्नाचं उत्तर शोधताना तिचंही गणित पक्कं होईल.

आणि ते २३ गुण. सहामाहीचा पेपर काढ आणि मैत्रिणीला शेजारी घेऊन बस. जिथे जिथे गुण गेले तिथे तिला खूण करू दे: कल्पनाच कळली नव्हती, सूत्र आठवलं नाही, की बेरीज-वजाबाकीत, अधिक-उण्यात घसरली. मी वर्षानुवर्षं पेपर तपासले. ज्याला मुलं "कॅल्क्युलस येत नाही" म्हणतात त्यातलं बरंचसं अकरावीची त्रिकोणमिती आणि आठवी-नववीचं अवयव पाडणं असतं. इंटिग्रेशनची पद्धत बरोबर निवडलेली असते आणि पार्शल फ्रॅक्शन करताना चिन्ह चुकतं. तुझंही तसं निघालं तर डोकं बंद पडायचं काही कारण नाही. पंधरा दिवस रोज वीस मिनिटं त्रिकोणमितीची सूत्रं आणि अवयव, एवढं औषध पुरतं.

कल्पनाच कळली नसेल तर मात्र पुस्तक जरा बाजूला ठेव आणि शेततळ्यावर चल. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल, असं तळं धरू. काठ उतरते असतात, म्हणून तळ २४ बाय २४. बाबांची मोटर सेकंदाला १० लिटर पाणी उपसते असं समज, म्हणजे तासाला ३६ घनमीटर. तळं काठोकाठ भरलेलं असताना पाण्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. ३६ भागिले ९००, म्हणजे पातळी तासाला ४ सेंटिमीटरने उतरते. तळाशी पृष्ठभाग उरतो ५७६, तिथे तीच मोटर पातळी तासाला सव्वासहा सेंटिमीटरने उतरवते. बाबांना विचार, ते सांगतील की सुरुवातीला पाणी हलत नाही आणि शेवटी झपाट्याने जातं. मोटर तीच, पाणी तेवढंच, पण पातळी उतरण्याचा वेग दर क्षणी वेगळा. त्या एका क्षणाचा वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह. तुमच्या पुस्तकात शंकूच्या आकाराच्या टाकीचं जे गणित आहे, ते हेच आहे.

आता एकूण पाणी किती? ३० गुणिले ३० गुणिले ३ केलं तर २७०० येतात आणि ते चूक, कारण तळं खाली अरुंद होत गेलं आहे. मग पाण्याचे आडवे पातळ थर कल्पायचे. तळापासून वाय उंचीवरच्या थराची बाजू २४ अधिक २ वाय. तिचा वर्ग केला की त्या थराचं क्षेत्रफळ. शून्यापासून तीनपर्यंत सगळे थर जोडत गेलं की इंटिग्रेशन झालं. उत्तर येतं २१९६ घनमीटर. तासाला ३६ ने भागलं तर बरोबर ६१ तास. म्हणजे रात्री आठ तास लाइन राहिली तर तळं आठव्या रात्री रिकामं होणार. हे तू स्वतः, पेन हातात घेऊन, मैत्रिणीसमोर करून दाखव. या एका गणितात लिमिट सोडून तुझं निम्मं कॅल्क्युलस आलं.

तुम्ही दोघींनी मिळून करायचं एक पान मी मुद्दाम सांगते, कारण ते तुम्हा दोघींचं आहे. एनसीईआरटीच्या बारावीच्या बायोलॉजीत जीवसंख्येच्या धड्यात वाढीचं समीकरण आहे: वाढीचा वेग म्हणजे आर गुणिले एन गुणिले (के वजा एन) भागिले के. एन म्हणजे आत्ताची संख्या, के म्हणजे त्या जागेला पेलेल एवढी जास्तीत जास्त संख्या. तू तो एस आकाराचा आलेख काढतेस, नाव देतेस आणि पुढे जातेस. मैत्रिणीला विचार, हा आलेख सगळ्यात उभा कुठे? ती त्या वेगाचं पुन्हा डेरिव्हेटिव्ह काढून शून्य धरेल आणि सांगेल, एन जेव्हा के च्या निम्मं असेल तिथे. आर ०.१ आणि के १००० धरून पडताळा घ्या. संख्या १०० असताना वेग ९, ५०० असताना २५, ९०० असताना पुन्हा ९. मग तू तिला सांग की असं का होतं: सुरुवातीला पिल्लं घालणारे कमी, शेवटी अन्न आणि जागा कमी, मध्ये दोन्ही पुरेसं. तिच्याकडे गणित आहे पण कारण नाही, तुझ्याकडे कारण आहे पण गणित नाही. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत मला सर्वांत जास्त आनंद अशा पानांनी दिला.

बायोलॉजी सांगतानाही नोट्स वाचून दाखवू नकोस. पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आकृती काढायची, नावं द्यायची, आणि मगच उघडून तपासायचं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझा बोर्डाचा पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे आणि नीट मे महिन्यात. पाच मिनिटांनी काय आठवतं याचा तुला उपयोग नाही.

मैत्रीण ऐकताना नुसती मान हलवत असेल तर तिला अडवणारे प्रश्न विचारायला लाव. बीटी कापसाचंच घे. बॅसिलस थुरिंजिएन्सिसचं जनुक, क्राय प्रथिन, अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते सक्रिय होतं, पेशींना छिद्रं पडतात, अळी मरते. हे तू डोळे मिटून सांगशील. मग तिने विचारावं, "मग आमच्या बोंडात गुलाबी अळी जिवंत कशी?" २०१७ साली विदर्भात बोंडअळीने काय केलं ते तुमच्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तर पुस्तकाच्या दुसऱ्याच धड्यात आहे, उत्क्रांतीच्या. लाखांतल्या ज्या थोड्या अळ्यांना त्या विषाचा त्रास होत नव्हता त्या जगल्या, त्यांचीच पिल्लं वाढली. मग आणखी पुढे जा: बियाण्याच्या पाकिटात रेफ्युजीची, म्हणजे बिगर बीटी बियाण्याची, वेगळी पुडी कशासाठी देत होते? फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी ठेवून आणखी पीक, घेऊ नका असं कृषी विभाग का सांगतो? बिगर बीटी झाडांवर साध्या अळ्या जगू दिल्या की त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर होतो आणि प्रतिकार लवकर पसरत नाही. फरदड ठेवली की अळीला हंगाम संपल्यावरही खायला मिळतं आणि पिढ्या वाढत जातात. दोन धडे एका प्रश्नाने जोडले गेले, आणि तेही कापूस वेचता वेचता. अशा ठिकाणी तुला उत्तर आलं नाही तर फार चांगलं. नेमकं तेच घरी जाऊन वाचायचं.

दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, त्याची काळजी करू नकोस. समजावून घेताना मराठीत, वऱ्हाडीत, जशा घरी बोलता तशा बोला. लिहिताना इंग्रजी संज्ञा लिहा आणि स्पेलिंग एकमेकींचं तपासा.

गणिताबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे आहेत आणि गणिताचा पेपरच नाही. तुला फक्त मेडिकललाच जायचं असेल तर कॅल्क्युलसला बोर्डात व्यवस्थित पास होण्यापुरता वेळ दे आणि उरलेला फिजिक्सला दे. इंजिनिअरिंगची वाट उघडी ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण आहेत. हे या आठवड्यात ठरव. दोन्ही दगडांवर पाय ठेवून जाणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, हुशार असूनही त्या फार थकतात.

फोटो मागणाऱ्या मुलाला तोडू नकोस. मागण्याची रीत बदलायला लाव. "फोटो पाठव" याला उत्तर द्यायचं नाही. "मी इथपर्यंत केलं, इथं अडलो" असं स्वतःच्या हाताने लिहून आणलं तर चौघांनी मिळून त्याला वेळ द्यायचा. त्याच्या घरी काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. कदाचित त्याला काहीच येत नाही आणि ते सांगायची लाज वाटते. त्याला एक छोटा विषय दे, पुढच्या शनिवारी दहा मिनिटं त्याने सांगायचा. आला तर तो गटाचा. दोन शनिवार आला नाही तर तू त्याच्यासाठी काही करणं लागत नाहीस.

आईचं म्हणणं. मुलंमुली एकत्र अभ्यास करतात यात वावगं काही नाही, आणि गावातलं बोलणं ऐकून तुम्ही दोघींनी घरात बसावं हे मला अजिबात मान्य नाही. पण आईला रोज त्याच बायकांबरोबर वेचायला जायचं असतं, तिला उत्तरं द्यावी लागतात. म्हणून तिला एकटं पाडू नकोस. आठवड्यातले दोनच दिवस ठरवा, अंधार पडायच्या आत उठा, आणि एखादा दिवस तुमच्याच अंगणात बसा. आई तूर निवडत बाजूला बसली तर बसू दे. चार पोरं दीड तास नुसती बोंडअळीवर भांडतात हे तिने एकदा स्वतः ऐकलं, की ती बायांना काय ते सांगेल. काकांनाही बोलाव, शेततळ्याचं गणित त्यांच्यासमोर मांड.

वेचणीच्या दिवसांत तुझ्याकडे फार तास नाहीत, आणि झोप कमी करून ते वाढवू नकोस. नोट्स उतरवणं थांबलं की रात्रीचा दीड-दोन तास तसाच मोकळा होईल. त्यातला एक तास तुझ्या गणिताला. उरलेल्या वेळात झोप.

या रविवारी चौघं मिळून तुमच्या तळ्याची खरी मापं घ्या: वरची लांबी-रुंदी, खोली, आणि तळाची मापं बाबांना विचारून. पाण्याच्या कडेला उतरू नका, प्लास्टिक अंथरलेलं असेल तर पाय सटकतो आणि वर येता येत नाही. रात्री मोटर सुरू करायच्या आधी आणि सकाळी बंद केल्यावर पातळी किती उतरली ते बाबांना काठीवर खूण करून आणायला सांग. त्यावरून मोटर तासाला किती पाणी उपसते ते काढ, आणि तळं किती रात्रींत रिकामं होईल ते बाबांना आधीच सांगून ठेव. तुझं उत्तर आणि प्रत्यक्षात लागलेल्या रात्री, दोन्ही आकडे मला कळव.